मोटर न्यूरॉनचा आजार : श्वास सांभाळा, नाव नोंदवा



आपल्या वस्त्यांत एखाद्याचा हात वाळू लागला, पाय ओढू लागला किंवा बोलणे जड झाले की त्या दुखण्याला ठरलेली नावे दिली जातात. ‘अंगावरून वारं गेलं’, ‘लकवा मारला’, ‘मणक्यात शीर दबली’. एवढ्याने समाधान झाले नाही तर शेवटी ‘कुणीतरी केलं’. दोन-चार वर्षांत तो माणूस कालकथित होतो. जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होते, पंगत उठते. पण आपला माणूस नेमका कशाने गेला हे त्या घराला कधीच कळत नाही. या दुखण्यामागे पुष्कळदा दुसरेच काही असते; परंतु काही घरांत ते मोटर न्यूरॉन डिसीज या आजाराचे असते. याच्या सर्वात जास्त आढळणाऱ्या प्रकाराला एएलएस म्हणतात. आज या सदरात आम्ही त्याविषयी लिहीत आहोत.

हा आजार ओळखायचा तर तो कोणता नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे. महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ साली पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू निकामी झाली. त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून पूर्ण केला, हे आपण सर्व जाणतो. पक्षाघात असा एकाएकी येतो, कारण मेंदूतील रक्तवाहिनी बंद पडते किंवा फुटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता आणि पायांच्या मज्जातंतूंच्या दाहाने ते अनेक वर्षे हैराण होते. मधुमेहात मज्जातंतू बिघडले की मुंग्या येतात, आग होते, बधिरता येते. मोटर न्यूरॉनचा आजार या दोन्हींपेक्षा वेगळा आहे. मेंदूत आणि मज्जारज्जूत स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्या यात एकामागून एक मरत जातात. तो झटक्याने येत नाही, हळूहळू सरकतो. त्यात स्पर्श कळतो, डोळे हलतात, कान ऐकतात, लघवी-शौचावरचा ताबाही बहुधा राहतो. मात्र हुकूम न मिळाल्याने स्नायू वाळत जातात.

सुरुवात फार साधी असते. खुरप्याची पकड सुटते, सदऱ्याचे बटण लागत नाही, चप्पल पायातून निसटते. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधले मांस बसते. दंडावर, मांडीवर कातडीखाली मांस आपोआप फडफडते. रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. काहींना प्रथम बोलताना जीभ जड वाटते, पाणी पिताना ठसका लागतो. दुखत नाही म्हणून माणूस अंगावर काढतो, आणि ऊसतोडीला किंवा कारखान्याच्या पाळीवर जाणाऱ्याला तर थांबणे परवडतही नाही.

हा आजार विरळा आहे, पण ऐकिवात नसावा इतका विरळा नाही. जगभरच्या पाहणीवरून एक लाख लोकांमागे कोणत्याही वेळी सुमारे चार ते पाच रुग्ण असतात असे धरले जाते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून सुमारे ८ लाख होती. म्हणजे या हिशेबाने आपल्या दोन तालुक्यांत आज तीस-चाळीस माणसे या आजाराची असावीत. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणी झालेलीच नाही, आणि आमचे आजचे म्हणणे पुष्कळसे तेच आहे. सुपे-मोरगावच्या जिरायत पट्ट्यापासून भिगवण, निमगाव केतकी आणि पार नीरा नरसिंहपूरच्या संगमापर्यंत ही तीस-चाळीस माणसे कोणत्या घरांत आहेत, हे कुणाला ठाऊक नाही.

किती दिवस, हा पहिला प्रश्न

निदान ऐकल्यावर प्रत्येक घर हाच प्रश्न विचारते. युरोप-अमेरिकेतील अनुभव असा की लक्षणे सुरू झाल्यापासून सुमारे तीन वर्षांत निम्मे रुग्ण जातात आणि दहातील एखादा दहा वर्षांच्या पुढे जगतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तीस वर्षांतील ११५३ रुग्णांच्या नोंदी तपासून २००८ साली जे प्रसिद्ध केले, ते काहीसे निराळे होते. तेथील रुग्णांना आजार सरासरी ४६ व्या वर्षी सुरू झाला होता, म्हणजे पाश्चात्त्य रुग्णांच्या बऱ्याच आधी. आणि निम्मे रुग्ण सुमारे साडेनऊ वर्षे जगतील असा त्यांचा हिशेब निघाला. ही मोठ्या संस्थेपर्यंत पोहोचलेल्यांची आकडेवारी आहे, गावात घरीच गेलेल्यांची नाही, हे लक्षात ठेवावे. तरीही ‘सहा महिने आहेत, घरी न्या’ असे कुणी सांगितले तर लगेच हात-पाय गाळू नयेत, इतका धडा त्यातून घ्यावा.

कोण जास्त जगतो, हेही बऱ्याच अंशी कळलेले आहे. कमी वयात आणि हातापायापासून सुरू झालेला आजार पुष्कळदा सावकाश चालतो. उतारवयात आणि बोलण्या-गिळण्यापासून सुरू झालेला वेगाने जातो. वजन झपाट्याने उतरणे हे वाईट लक्षण. इंग्लंडचे शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१ व्या वर्षी निदान झाले आणि ते २०१८ साली ७६ व्या वर्षी गेले. असे उदाहरण फार विरळा आहे. पण हा आजार प्रत्येकाला एकाच मापाने मोजत नाही, हे त्यावरून दिसते.

मृत्यू येतो तो श्वासाच्या वाटेने

लोकांचे सारे लक्ष हातापायांकडे असते. मालीश होते, काढे होतात, चालवण्याचे प्रयत्न होतात. परंतु हात गेल्याने किंवा पाय गेल्याने कुणी मरत नाही. छाती आणि पोट यांच्यामधले श्वासपटल दुबळे होते, आणि बहुतेक रुग्ण त्यामुळे जातात. श्वास उथळ होतो, विशेषतः झोपेत. आत घेतलेली हवा पुरत नाही आणि बाहेर टाकायचा दूषित वायू रक्तात साठतो. दुसरी वाट न्यूमोनियाची. अन्नाचा कण, पाण्याचा घोट, नुसती लाळसुद्धा श्वासनलिकेत उतरते, खोकून काढायला जोर नसतो, आणि फुप्फुसात जंतू धरतात.

म्हणून पुढील खुणा घरातल्या प्रत्येकाने पाठ कराव्यात. सकाळी उठल्यावर डोके दुखणे, रात्री वारंवार जाग येणे, वाईट स्वप्ने पडणे, सपाट झोपता न येणे, दिवसा पेंगणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, खोकला क्षीण होणे. यातील दोन-तीन खुणा दिसल्या की थांबू नये, श्वासाची तपासणी करून घ्यावी. बायपॅप नावाचे यंत्र रात्री नाकावर मुखवटा लावून श्वासाला आधार देते. इंग्लंडमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांचे गिळणे-बोलणे फारसे बिघडले नव्हते अशांचे आयुष्य या यंत्राने सुमारे सात महिन्यांनी वाढले. शांत झोप लाभली ती निराळीच.

एक धोका ठळकपणे सांगतो. दम लागला की नुसता ऑक्सिजनचा सिलिंडर लावायचा, ही सर्रास पद्धत आहे. या आजारात नुसत्या ऑक्सिजनने साठलेला वायू आणखी वाढून गुंगी येऊ शकते. रुग्णाला कोठेही नेले तरी तेथील डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे, ‘यांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे.’ हे वाक्य कागदावर लिहून रुग्णाच्या उशाशी ठेवावे.

बरोबर येणारी दुखणी

हा आजार एकटा येत नाही. गिळता येत नाही म्हणून खाणे कमी होते आणि कुपोषण येते. हालचाल नाही म्हणून खांदे आखडतात, पाठीवर व्रण पडतात, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते. लाळ गळते, बद्धकोष्ठ होते. पडून हाड मोडते. कारण नसताना हसू किंवा रडू फुटते. ते वेडेपण नव्हे, मेंदूचा ताबा सुटल्याचे लक्षण आहे आणि त्यावर औषध आहे. बुद्धी शाबूत राहते असे पूर्वी सरसकट मानत. आता कळते की शंभरातील दहा ते पंधरा जणांना विशिष्ट प्रकारचा स्मृती-वर्तनाचा बिघाडही होतो. तो माणूस हट्टी, बेपर्वा वागू लागतो आणि घरचे त्याच्यावर चिडतात. उदासी तर अनेकांना ग्रासते. ‘माझे ओझे झाले’ असे कुणी वारंवार म्हणू लागला तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये.

शिवाय आधीपासूनचे मधुमेह, रक्तदाब, क्षयरोग असतातच. मोठ्या आजारापुढे ही औषधे बंद केली जातात, ती बंद करू नयेत. तंबाखूचा धूर कायमचा थांबवावा. इन्फ्लुएन्झा आणि न्यूमोनियाच्या लसी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाच्या ताटात जेवल्याने, त्याला शिवल्याने तो होत नाही. शिवाशिवीचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या समाजाने आपल्याच माणसाला वेगळे ताट-तांब्या द्यावा, यापरती लाजिरवाणी गोष्ट नाही. सुमारे नव्वद टक्के रुग्णांच्या घराण्यात दुसरा कोणीही रुग्ण नसतो, तेव्हा अशा घराच्या मुला-मुलींची सोयरिक मोडण्याचेही कारण नाही. घराण्यात एकाहून अधिक जणांना झाला असेल तर मात्र तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

आणि हे मागच्या जन्मीच्या पापाचे फळही नव्हे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासून नाकारला आहे. दीक्षा घेऊन पिढ्या गेल्या, तरी दुखणे लांबले की काही घरे गुपचूप देवऋष्याच्या दारात जातात. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे; पण त्याहून आधी आपली बावीस प्रतिज्ञांची बांधिलकी आहे.

शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण

विनयपिटकाच्या महावग्गात प्रसंग आहे. अतिसाराने पडलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात लोळत होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. तथागतांनी स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी उचलून त्याला शय्येवर ठेवले. मग भगवंतांनी भिक्खूंना समजावले की तुम्हाला येथे आई-बाप नाहीत, तुम्ही एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. हे गुण या आजाराला जणू मापून बेतलेले आहेत.

पहिला गुण, औषध तयार करता येणे. आज त्याचा अर्थ मुखवटा लावणे, लाळ खेचण्याचे यंत्र चालवणे, गोळी बारीक करून देणे हे रुग्णालयातून शिकून घेणे.

दुसरा, पथ्य-अपथ्य कळणे. येथे सर्वात अपथ्य आहे ते पातळ पाणी, कारण ते चटकन चुकीच्या वाटेने जाते. दाटसर आंबील, खीर, मऊ भात, घट्ट वरण सोपे जाते. रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी छातीकडे वळवून, लहान घास द्यावा. जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नये. वजन दरमहा लिहून ठेवावे. वजन उतरू लागल्यास पोटात नळी बसवण्याचा विचार श्वास चांगला असतानाच करावा. उशीर झाला की ते जोखमीचे होते.

तिसरा गुण, लोभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे. चौथा, मलमूत्र, लाळ, ओकारी यांची किळस न वाटणे. पाचवा, धम्मकथेने रुग्णाचे मन प्रसन्न ठेवणे. ज्याची वाचा गेली त्याचे ऐकणे संपलेले नसते. त्याच्यासमोर त्याच्याविषयी ‘आता काय राहिलंय’ असे बोलू नये. अक्षरांचा तक्ता करून डोळ्यांच्या खुणेने त्याच्याशी बोलता येते.

आमच्या घरांत हे पाचही गुण एकाच व्यक्तीकडून मागितले जातात, ती म्हणजे पत्नी किंवा सून. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्री जागायचे आणि सकाळी मजुरीला जायचे. संघाला सांगितलेले कर्तव्य आपण एका बाईच्या गळ्यात घालतो. विहारातील महिला मंडळांनी आणि तरुणांनी पाळ्या लावल्या, आठवड्यातून दोन रात्री कुणी जागले, तर त्या बाईचे आयुष्यही वाचेल.

उपचाराची वाट

आधी निदान पक्के व्हावे. मानेच्या मणक्याचा दाब, ‘बी बारा’ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड आणि काही बरे होणारे मज्जातंतूंचे आजार यांचा चेहरा असाच असतो. तरुण मुलांचा एकच हात वाळून काही वर्षांनी आजार आपोआप थांबण्याचाही एक प्रकार भारतात चांगला आढळतो. म्हणून मेंदू-मज्जातज्ज्ञाकडून स्नायूंची विद्युत तपासणी आणि एमआरआय केल्याशिवाय हे नाव स्वीकारू नये, आणि झटकूही नये. इंदापूरच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करावी; बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; पुढची वाट पुण्याच्या ससूनची. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आणि इंदापूरहून त्याहून दूर. रोजगार बुडवून ही फेरी वारंवार जमत नाही, म्हणून सर्व कागद एका पिशवीत लावून एकाच फेरीत जास्तीत जास्त कामे उरकावीत.

बरे करणारे औषध आज नाही. रिल्युझोल हे १९९५ पासूनचे औषध आयुष्य काही महिन्यांनी वाढवते. ते यकृताची तपासणी करत घ्यावे लागते. एका विशिष्ट जनुकदोषाच्या थोड्या रुग्णांसाठी २०२३ साली अमेरिकेत टोफर्सन या औषधास मान्यता मिळाली आहे. मात्र ‘स्टेम सेल’च्या नावाखाली लाखो रुपये मागणाऱ्यांपासून सावध राहावे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात तो उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. त्यासाठी गुंठाभर जमीनही विकू नये.

सरकारी रुग्णालयातून दिव्यांगत्वाचा दाखला लवकर काढावा आणि आजार वाढेल तसा नव्याने मोजून घ्यावा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कचेरीत करावा. जनआरोग्य योजनेत काय बसते ते रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

शेवटचा निर्णयही रुग्णाला बोलता येते तोवर विचारून ठेवावा. घशाला छिद्र पाडून कायमच्या व्हेंटिलेटरवर राहायचे की नाही, हे रात्री दोन वाजता रुग्णालयाच्या दारात घाबरलेल्या मुलाने ठरवू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली असे आगाऊ इच्छापत्र मान्य केले आणि २०२३ साली त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर ते करता येते. नीट काळजी घेतलेल्या बहुतेक रुग्णांचा शेवट तडफडून होत नाही, झोपेत शांतपणे होतो, हेही घरच्यांना सांगितले पाहिजे.

कागदावरचे नाव

मृत्यूच्या कारणाचा जो वैद्यकीय दाखला डॉक्टर भरतात, त्यात पायऱ्या असतात. पहिल्या ओळीत शेवटचे कारण, समजा न्यूमोनिया. त्याखाली तो कशाने झाला, म्हणजे गिळण्याचे स्नायू दुबळे झाल्याने. आणि तळाच्या ओळीत मूळ आजार, मोटर न्यूरॉन डिसीज. मधुमेहासारखी सोबतची दुखणी दुसऱ्या भागात येतात. सरकारची मोजणी तळाच्या ओळीवरून होते. ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिले की खालच्या साऱ्या ओळी पुसल्या जातात. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली. तिच्यानुसार अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी हा दाखला विनाशुल्क द्यायचा आहे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळायची आहे. ग्रामपंचायतीकडून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलेले नसते, म्हणून ही प्रत मागून घ्यावी. घरी मृत्यू झाला तरी उपचाराचे कागद दाखवून मागावी, आणि २१ दिवसांत नोंद करावी.

बाबासाहेबांनी आपल्या माणसांची बाजू साउथबरो समितीपुढे मांडली, सायमन आयोगापुढे मांडली, ती लोकसंख्येच्या आकड्यांसह. ज्याची मोजणी नाही त्याची मागणी नाही. बारामती-इंदापुरात या आजाराचे दहा मृत्यू खऱ्या नावाने नोंदले गेले तर तालुक्याच्या रुग्णालयात एक-दोन बायपॅप यंत्रे ठेवा, महिन्यातून एकदा मज्जातज्ज्ञ पाठवा, असे ठणकावून मागता येईल. ‘हृदयक्रिया बंद’ या नावावर असे काही मागता येत नाही.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर एवढेच विचारावे, आपल्या वस्तीत कुणाचा हात वाळतो आहे का, कुणाला पाण्याचा ठसका लागतो का, कुणाच्या घरी बाई रात्रभर जागते का? उत्तर ‘हो’ आले तर दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या एसटीने दोघांनी त्या रुग्णाबरोबर तपासणीला जावे.

जयभीम.